वेल शेजारच्या कुंपणावर

परसबागेवर जेवढे सरकारी साहित्य निघते, त्यात हिशेब नेहमी एका घराचा असतो. एक कुटुंब, घरामागची थोडी जागा, बियाण्यांची पाकिटे, गोल आखलेले सात वाफे आणि आठवड्याच्या सात दिवसांना सात भाज्या. ‘उमेद’ म्हणजे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान बचत गटांच्या बायकांना पोषण परसबागा लावायला सांगते. अंगणवाड्यांच्या आणि शाळांच्या आवारातही अशा बागा आखल्या जातात. कल्पना चांगली आहे आणि यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्याला तिची गरजही आहे. पण श्रावणात हिरवीगार दिसणारी बाग होळीला कोरडी पडलेली असते, हा अनुभव विदर्भात कुणालाच नवा नाही. त्याची कारणे सांगताना पाणी, ऊन आणि बकऱ्या यांची नावे घेतली जातात. ती खरीच आहेत, पण अपुरी आहेत. पाणी कमी, ऊन फार आणि बकऱ्या मोकाट अशा गावांतही काही बागा वर्षानुवर्षे टिकतात. माझे म्हणणे असे की परसबाग ही एका घराने एकट्याने चालवण्याची गोष्टच नाही. बियाणे, कुंपण, पाणी आणि उरलेली भाजी या चारही बाबतींत तिला शेजार लागतो. बागेमुळे बायकांच्या मैत्र्या जुळतात असे कौतुकाने म्हटले जाते. क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. जिथे देणेघेणे आधी जुळते तिथे बाग टिकते.

हे समजून घ्यायला या जिल्ह्यातल्या भाजीचा थोडा मागचा इतिहास पाहावा लागतो. यवतमाळच्या सोळा तालुक्यांत मिळून चार लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर कपाशी असते. उरलेल्यात सोयाबीन आणि तूर मोठ्या प्रमाणावर. पूर्वी कपाशीचे शेत म्हणजे केवळ कपाशी नसे. तासांच्या मधे, धुऱ्याकडेला, तुरीच्या ओळीच्या आडोशाने बायका अंबाडी, बरबटी, मूग, तीळ, काकडी, भेंडी यांचे बी टाकत. हा भाग घरधन्याच्या हिशेबात येत नसे, त्यामुळे तो बायकांच्या ताब्यात राही. निंदताना हाती लागणारा तरोटा, घोळ, केना, तांदुळजा ओट्यात भरून घरी येई. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत तिने जवळजवळ सगळे कपाशीचे क्षेत्र व्यापले. महागडे बियाणे, वारंवार फवारणी आणि निंदणाच्या मजुरीऐवजी तणनाशक या सगळ्यात मधल्या ओळी नाहीशा झाल्या. तणनाशकाला तरोटा आणि गाजरगवत यांतला फरक कळत नाही. शेतातली भाजी गेली आणि ताटातली भाजी आठवडी बाजारावर येऊन ठेपली. म्हणून आज घरामागची सांदवाडी पुन्हा लावा असे सांगितले जाते, तेव्हा ते शेतात हरवलेल्या भाजीची जागा भरून काढण्याचे काम असते. फरक एवढाच की शेतातल्या त्या ओळींना कुंपण, पाणी आणि राखण शेताबरोबर आयतीच मिळत होती. सांदवाडीला ती वेगळी जमवावी लागतात.

आता बाग किती देऊ शकते याचा कोरडा हिशेब करू, कारण या बाबतीत अतिशयोक्ती फार चालते. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज फळे आणि भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम खाव्यात असे सांगते. पाच जणांच्या घराला हे वर्षाला सातशे किलोंच्या पुढे जाते. भारतात भाजीपाल्याची सरासरी उत्पादकता हेक्टरी अठरा टनांच्या आसपास आहे, म्हणजे चौरस मीटरला पावणेदोन-दोन किलो. पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद सांदवाडीत वर्षातून दोन पिके घेतली तरी सत्तर किलोंच्या आसपास हाती येईल. गरजेचा हा फार तर दहावा भाग. तेव्हा परसबागेने घर भाजीत स्वयंपूर्ण होते ही घोषणा सोडून द्यावी. पण याच सत्तर किलोंत पालेभाजीवर भर दिला तर माणशी रोज चाळीसेक ग्रॅम पाला पडतो, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०११ च्या मार्गदर्शिकेत सुचवलेल्या ५० ग्रॅम हिरव्या पालेभाजीच्या तो बराच जवळ जातो. पालेभाजीच का, याचे उत्तर आठवडी बाजारात आहे. बाजार आठवड्यातून एकदा भरतो. बटाटे, कांदे, वांगी चार-सहा दिवस टिकतात. मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, चाळीस अंशांच्या उन्हात दुसऱ्या दिवशी मान टाकतात. त्यामुळे बाजाराच्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पालेभाजी, मग पुढचे पाच दिवस डाळ, बटाटा किंवा चटणी, असा क्रम घराघरांत पडतो. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत आणि केवळ पालेभाजीने तो जाणार नाही, पण आठवड्यातले पाच दिवस ताटात पालाच नसणे हे त्यातले एक कारण नक्कीच आहे. तो पाच दिवसांचा खड्डा बुजवणे एवढे काम बाग करू शकते, आणि तेवढे पुरेसे मोठे आहे.

गंमत अशी की एवढीशी बागसुद्धा काही आठवडे गरजेपेक्षा जास्त देते. भाजी वर्षभर सारखी येत नाही. दोडक्याचे तीन वेल भाद्रपदात एकदम लागतात आणि घरातले लोक रोज दोडका खाऊन कंटाळतात; दोन दिवस तोडायला उशीर झाला की दोडक्याला जाळी धरते आणि तो अंग घासायच्या कामाचा उरतो. विकायला न्यावा तर पाच किलो दोडक्यांसाठी तालुक्याच्या बाजाराला जाण्यात एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात. म्हणजे या आठवड्यांतल्या दोडक्याला बाजारात जवळपास किंमत नाही, शेजारच्या घरात मात्र आहे. आपल्याकडे यासाठी वानोळ्याची रीत आहे: पहिल्या तोड्याची भाजी, नव्या हरभऱ्याचा हिरवा पाला, वाडीतली वांगी नातलगांत आणि शेजारात पोचवायची. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर पाच घरांनी पाच वेगवेगळ्या भाज्या लावल्या आणि प्रत्येकाने उरलेली वाटली, तर एकाच जागेतून प्रत्येक घराला पाच भाज्या मिळतात. सात वाफ्यांच्या गोल आराखड्यात एका घराने सात भाज्या लावायच्या असतात. त्यातली प्रत्येक इतकी थोडी येते की एका वेळची भाजीही धड होत नाही. पाच घरांत वाटून लावली तर एका तोड्यात पाचही घरांचा एक दिवस निघतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ च्या आपल्या निबंधात भेटीबद्दल मांडलेले सूत्र येथे नेमके लागू पडते: भेट परत करायची असते, पण लगेच नाही आणि तेवढीच नाही. वानोळ्याला परतफेडीची तारीख नसते. म्हणून तो व्यवहार मिटत नाही, आणि दोन घरांमधले येणेजाणेही मिटत नाही.

बियाण्याच्या बाबतीत तर एकट्या घराची अडचण थेट वनस्पतिशास्त्रातून येते. वाल, चवळी, टोमॅटो ही बहुतांशी स्वपरागित पिके आहेत. त्यांच्या एका चांगल्या झाडाचे बी धरले तरी पुढल्या वर्षी साधारण तसेच झाड येते. मुळ्याचे तसे नाही. मुळ्याचे फूल स्वतःच्याच परागाला नाकारते. एकटा मुळा फुलावर सोडला तर शेंगा धरतातच असे नाही. बी हवे तर बरीच झाडे शेजारी शेजारी फुलावर सोडावी लागतात, आणि वीस चौरस मीटरच्या बागेत तेवढी जागा मुळ्याला कोण देणार? काकडी, दुधी, कोहळे यांची अडचण निराळी आहे. त्यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले वेगळी येतात आणि मधमाश्या गावभर फिरतात. तुमच्या दुधीच्या फुलावर दोन घरे पलीकडच्या कडू भोपळ्याचा पराग बसला, तर यंदाचे फळ गोडच राहील, पण त्याच्या बियांतून उगवलेल्या वेलाला कडू फळ येऊ शकते. हा कडूपणा कुकुरबिटासिन या द्रव्याचा, आणि तो केवळ चवीचा प्रश्न नसतो. कडू दुधीने माणसे गंभीर आजारी पडतात. म्हणजे बी राखायचे तर शेजारी काय लावतात हे माहीत हवे, आणि त्यांच्याशी बोलण्याइतके संबंधही हवेत. कुणी दुधीचे बी धरायचे, कुणी कोहळ्याचे, कुणी मुळ्याचा आख्खा वाफा फुलावर सोडायचा, हे वाटून घेतले तरच गावाचे बियाणे गावात राहते. नाहीतर पुढल्या मृगाला पुन्हा पाकिटाची वाट पाहायची, आणि पाकिटात बहुधा संकरित बी असते, ज्याची पुढली पिढी तशी येत नाही. चिवळ, अंबाडी, पातूर, वाडीतला देशी वाल यांची पाकिटे योजनांमध्ये क्वचितच येतात. ती टिकतात बायकांच्या डब्यांतून आणि माहेर-सासरच्या येण्याजाण्यातून.

ज्ञानाचीही वाट तीच आहे. श्री. अ. दाभोळकर हे गारगोटीच्या मौनी विद्यापीठात शिकवणारे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ नावाचे जे जाळे विणले त्याला ना मोठे कार्यालय होते ना फार कर्मचारी. प्रयोग करणाऱ्यांनी आपले निष्कर्ष दुसऱ्या प्रयोग करणाऱ्यांना कळवायचे, एवढाच नियम. सांगली भागातल्या द्राक्षबागायतदारांना त्याचा फायदा झाला, आणि दहा गुंठ्यांत कुटुंब कसे जगेल या त्यांच्या मांडणीतून शहरांतल्या गच्चीवरच्या शेतीलाही चालना मिळाली. ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकाच्या नावातच त्यांचा आशावाद दिसतो. तो मला कधी कधी जरा जास्त वाटतो. पण त्यांच्या कामातला कळीचा मुद्दा पटतो: शिकवणारा आणि शिकणारा असे दोन वर्ग पाडले की प्रयोग थांबतात. एका प्रशिक्षणात ऐकलेले किडीवरच्या दशपर्णी अर्काचे प्रमाण महिन्याभरात विसरते. शेजारणीच्या वांग्यावर तोच अर्क चालला की नाही हे डोळ्यांदेखत दिसत असते.

कुंपणाचे गणित तर शाळेतले आहे. पाच बाय चार मीटरच्या एका बागेला अठरा मीटर कुंपण लागते. अशा दहा बागांना एकशे ऐंशी मीटर. त्याच दहा बागा वीस बाय दहा मीटरच्या एका तुकड्यात एकत्र आणल्या तर साठ मीटर कुंपणात काम भागते. पऱ्हाट्यांचे आणि बोराटीचे कुपाटे वाळवीमुळे वर्षभरातच ढिले पडते, म्हणजे ही मेहनत दरवर्षी करायची आहे. दहा घरांनी स्वतंत्र बागा लावल्या तर दरवर्षी तिप्पट काटे तोडावे लागतील, आणि त्यातले एक जरी कुंपण ढिले राहिले तरी बकरीला वाट सापडेल. पाण्याचेही असेच आहे. मे महिन्यात या भागात भाजीच्या चौरस मीटरला रोज सहा-सात लिटर पाणी लागते असे धरले तर वीस चौरस मीटरला एकशेवीस ते एकशेचाळीस लिटर. जल जीवन मिशनचे माणशी ५५ लिटरचे प्रमाण खरोखर मिळत असेल तर पाच जणांच्या घरात २७५ लिटर पाणी येते आणि त्यातले बरेचसे न्हाणीतून आणि मोरीतून बाहेर वाहते. कागदावर हे जमते. प्रत्यक्षात नळाला रोज पाणी येत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात खुद्द यवतमाळ शहराला बरेच दिवस खंड पडून पाणी मिळत होते. शिवाय साबणाचे पाणी शेवगा, केळी, पपई, दोडक्याच्या मुळाशी चालते, पण कच्च्या खाण्याच्या पाल्यावर टाकू नये. म्हणून उन्हाळ्यात प्रत्येक घराने बाग जिवंत ठेवण्याचा हट्ट व्यर्थ आहे. दहा घरांत मिळून एका विहिरीजवळची किंवा हातपंपाच्या सांडपाण्यावरची दोन-तीन वाफ्यांची जागा एप्रिल-मेमध्ये हिरवी राहिली, आणि तिथेच मृगासाठी वांगी-मिरचीची रोपे तयार झाली, की पावसाबरोबर बाकीच्या बागा पुन्हा उभ्या राहतात.

येथे पहिला गंभीर आक्षेप येतो: सगळ्यांचे ते कुणाचेच नाही. सामुदायिक बागेत पाणी एकीने घालायचे आणि भेंडी दुसरीने तोडून न्यायची, असे होणार नाही कशावरून? होते, आणि म्हणून वाफे सामायिक ठेवू नयेत. जर्मनीत लाइपझिगला १८६४ मध्ये एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी पालकांना घेऊन एक मंडळ काढले आणि आधीच दिवंगत झालेल्या डॉक्टर श्रेबर यांचे नाव त्याला दिले. सुरुवात मुलांच्या खेळाच्या मैदानापासून झाली, मग मैदानाच्या कडेने मुलांसाठी वाफे आले, मुले कंटाळली आणि वाफे आईबापांकडे गेले. आज त्या देशात अशा लहान बागांची संख्या नऊ लाखांच्या घरात आहे. तिथे मंडळ आधी आले आणि वाफा नंतर. वाफा ज्याचा त्याचा. कुंपण, नळ, वाटा, नियम आणि वादांचा निवाडा मंडळाचा. सामायिक संपत्तीच्या अभ्यासासाठी २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या सिंचनसंस्था आणि चराऊ राने तपासून असेच सांगितले: हद्द स्पष्ट असेल, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतील आणि चुकणाऱ्याला आधी हलकी समज मिळत असेल, तर सामायिक गोष्टी पिढ्यान् पिढ्या टिकतात. अमेरिकेतल्या युद्धकाळातल्या ‘व्हिक्टरी गार्डन’ बागांचे याउलट झाले. दुसऱ्या महायुद्धात तिथे दोन कोटींच्या आसपास बागा लागल्या होत्या असा अंदाज आहे, पण त्या सरकारी आवाहनावर आणि युद्धाच्या भरात उभ्या होत्या. युद्ध संपले आणि बहुतेक बागा मोडल्या. आपल्या मोहिमांनी या दोन्हींपैकी कुठल्या वाटेने जायचे ते ठरवावे.

बागेने माणसे खरेच जवळ येतात आणि त्याचा आरोग्याला उपयोग होतो, याला पुरावा काय? बागकाम करणारे लोक अधिक आनंदी असतात हे दाखवणारे अभ्यास पुष्कळ आहेत, पण त्यातून फारसे सिद्ध होत नाही. आनंदी आणि धडधाकट माणसेच बागेकडे वळत असतील. ही शंका दूर करणारा एक अभ्यास अमेरिकेतल्या डेन्व्हर परिसरात झाला आणि २०२३ मध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात आला. सामुदायिक बागेत जागा मागणाऱ्या २९१ प्रौढांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून लगेच वाफे दिले, उरलेल्यांना पुढल्या वर्षापर्यंत थांबवले. बाग मिळालेल्यांच्या आहारात तंतुमय पदार्थ दिवसाला सुमारे दीड ग्रॅमने वाढले, शारीरिक हालचाल थोडी वाढली, ताण आणि चिंता कमी झाली. हे फरक छोटे आहेत आणि डेन्व्हर म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातले घाटंजी नव्हे. तरी चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून तपासलेल्या थोड्या अभ्यासांपैकी हा एक आहे. आपल्या जवळचा पुरावा वर्ध्याचा. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने २०१३ ते २०१८ या काळात वर्धा जिल्ह्यात आणि ओडिशातल्या कोरापुटमध्ये पोषणाभिमुख शेतीचा प्रयोग केला. त्यात घरच्या आणि सामुदायिक अशा दोन्ही पोषणबागा होत्या. भाज्यांचे उत्पादन आणि त्यांचे खाणे दोन्ही वाढल्याचे त्यांनी नोंदवले. त्याच वेळी हेही सांगायला हवे की २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या २३ अभ्यासांच्या आढाव्याने अशा उपक्रमांनी पोषक पदार्थांचे खाणे वाढते पण मुलांचे कुपोषण घटल्याचा भक्कम पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष काढला होता. मुलांचे पोषण पाणी, संडास, आजार, आईचे वय अशा कितीतरी गोष्टींवर ठरते. बागेकडून तेवढी अपेक्षा ठेवली की निराशा ठरलेली, आणि मग चांगली चाललेली बागही अपयशी ठरवली जाते.

यवतमाळात मैत्रीचा प्रश्न एरवीपेक्षा जड आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे या जिल्ह्याचे नाव देशभर गेले; २०१५ मध्ये राज्य सरकारने ‘बळीराजा चेतना अभियान’ सुरू केले ते यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत. परसबागेने आत्महत्या थांबतात असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल, आणि मी तसे म्हणत नाही. पण मागे राहिलेल्या बायकांचे काय, हा प्रश्न बागेच्या कुंपणापर्यंत येतो. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा ५०५ महिलांची पाहणी केली. त्यांतल्या सुमारे ४० टक्के महिलांना त्या कसत असलेल्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता, आणि घरावरचा हक्क मिळालेल्या तर त्याहून कमी होत्या. जमीन नाही आणि समाजातले येणेजाणेही आखडलेले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवेला बोलावत नाहीत. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि शासनाने तो इतर गावांपुढे ठेवला, तरी रीत ठरावाने एका वर्षात जात नाही. बचत गटात ती असते, पण तिथल्या गप्पांवर हप्त्याची सावली असते. कर्ज थकले की मैत्रीण वसुलीला येते. रोपांच्या देवघेवीला कुंकू लागत नाही आणि हप्ताही नसतो. ‘तुझ्याकडची मिरचीची रोपे उरली का?’ एवढ्या निमित्ताने एका घरातून दुसऱ्या घरात जाता येते, आणि ज्या बाईला कुठेही जायला निमित्तच उरलेले नाही तिच्यासाठी हे निमित्त लहान नाही.

याच्या उलट बाजूचा आक्षेप स्त्रीवादी अभ्यासक घेतात आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचून आलेल्या बाईवर आता कुटुंबाच्या लोहाची आणि जीवनसत्त्वांचीही जबाबदारी टाकायची का? पोषण हे सरकारचे, रेशनचे, मजुरीच्या दराचे काम असताना ते तिच्या संध्याकाळच्या अर्ध्या तासावर ढकलायचे का? बाग तिच्या डोक्यावरच्या हंड्यांत भर घालणार असेल तर ती लावू नये, असेच उत्तर द्यावे लागते. जिथे पिण्याचे पाणी अर्धा किलोमीटरवरून आणावे लागते तिथे उन्हाळी भाजीची मोहीम म्हणजे छळ आहे. पण हा आक्षेपही एकट्या घराच्या बागेलाच जास्त लागू होतो. पाळीने पाणी घातले तर पाच जणींपैकी प्रत्येकीवर पाचव्या दिवशी पाळी येते; कुणी माहेरी गेली किंवा बाळंतीण झाली तरी वाफा वाळत नाही. कुंपण घालणे, उकिरडा उपसणे, मांडव उभारणे ही पुरुषांची कामे म्हणून ठरावात लिहून घ्यावीत. गावातली माणसे यावर हसतील, पण लिहिलेले काम न झाल्यास विचारता तरी येते.

शेजार म्हटला की जात आली, हा आणखी एक आक्षेप. वानोळा कुणाच्या घरी जातो आणि कुणाच्या घरून घेतला जातो याला गावात अलिखित सीमा आहेत. कोलामांचे पोड गावापासून वेगळे, बंजाऱ्यांचा तांडा वेगळा, पारध्यांची वस्ती त्याहून दूर. शिजवलेल्या अन्नाची शिवाशिव जुनी आहे. कच्च्या भाजीला आणि बियाण्याला ती तुलनेने कमी लागते, म्हणून बी आणि रोपे जरा लांबवर जाऊ शकतात. जाऊ शकतात, आपोआप जात नाहीत. कोलाम बायकांना रानभाज्यांची जी माहिती आहे, काटवलाचे कंद कुठे राखायचे, कुठला पाला कोणत्या महिन्यात खायचा, ती गावठाणातल्या घरांकडे उरलेली नाही. आणि बियाणे-महोत्सवांत त्यांना मांडणीपुरते बोलावून त्या माहितीचा वापर होतो तेव्हा तो व्यवहार मैत्रीचा नसतो. सामायिक बाग कुठल्या वस्तीच्या जवळ आखली जाते, यावर ती कुणाची होणार हे ठरते. भूमिहीनांच्या घरामागे सांदवाडीच नसते. त्यांना बागेत आणायचे तर जागा ग्रामपंचायतीची, शाळेची किंवा अंगणवाडीची लागेल, आणि ती देण्याचा ठराव ग्रामसभेत व्हावा लागेल. मैत्रीने हे सुटत नाही, हक्काने सुटते.

भाजी बाजारात स्वस्त असताना एवढा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. हिवाळ्यात मेथी स्वस्त असते हे खरे. जून-जुलैत, जेव्हा हातात पैसा नसतो आणि पेरणी चालू असते, तेव्हा ती स्वस्त नसते. पण किमतीपेक्षा मोठी गोष्ट फवाऱ्याची आहे. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. त्यानंतर विषमुक्त भाजी हा शब्द इथे जाहिरातीचा राहिला नाही. यवतमाळचे सुभाष शर्मा रासायनिक शेती सोडून नैसर्गिक शेतीकडे वळले, त्यात भाजीपाल्यावर भर दिला, आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली; त्यांचे काम पाहायला शेतकरी येतात ते याच भीतीतून आणि आशेतून. मात्र पाच गुंठ्यांच्या शेताच्या चारही बाजूंना फवारणी चालू असताना मधला तुकडा विषमुक्त राहत नाही. येथेही शेजारी लागतोच, निदान वारा कोणत्या दिशेचा आहे ते पाहून फवारणारा.

शहरात हा प्रश्न वेगळा दिसतो, पण जागा आहे. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा इथल्या ले-आउटमध्ये ठरावीक आकारापुढच्या आखणीत दहा टक्के जागा मोकळी सोडण्याचा नियम आहे, आणि त्या ‘ओपन स्पेस’मध्ये बहुतेक ठिकाणी गाजरगवत, बांधकामाची रेती किंवा एखादे देऊळ असते. तिथल्या रहिवाशांनी नगरपरिषदेकडे त्यातल्या एका कोपऱ्यात वाफे आखण्याची लेखी परवानगी मागावी. नळजोडणी आणि कुंपण हे दोनच खर्च मोठे, आणि ते वाटून घेता येतात. गावात असो की ले-आउटमध्ये, योजनेतला पैसा बियाण्याच्या पाकिटांऐवजी कुंपणावर आणि पाण्याच्या टाकीवर गेला पाहिजे. बी माणसे एकमेकांकडून आणतील. आणि पहिली बैठक पावसाळ्यात घेऊन उपयोग नाही. वांगी-मिरचीची रोपे लावणीला तयार व्हायला महिना-सव्वा महिना लागतो, म्हणजे मृगाचा पाऊस गाठायचा तर रोपवाटिका मेच्या पहिल्या आठवड्यात पडली पाहिजे, आणि तिला पाणी कोण घालणार हे एप्रिलमध्ये ठरले पाहिजे.